कोठीच्या फोटोला लाइक पुरे, आता कोठी भरा

पोस्ट लांब आहे आणि जराशी कडूही आहे. ज्यांना फक्त जुन्या बडोद्याच्या गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पुढे सरकावे, माझा राग नाही.

मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर आजीच्या पत्र्याच्या कोठीचा फोटो आला होता. वर गोल झाकण, खाली धान्य काढायचे छोटे दार, कडीला लटकलेले कुलूप. फोटो छान होता. लाइकही भरपूर पडले, आणि मग खाली प्रतिक्रिया सुरू झाल्या. ‘किती साधे दिवस होते ते!’ ‘आमची भंगारवाल्याला दिली, बाल्कनी मोकळी झाली.’ ‘आता कोण भरतंय वर्षाचे गहू? ॲपवर दहा मिनिटांत येतात.’ एकांनी तर लिहिले, की वर्षभराचे भरून ठेवायचे म्हणजे जुन्या लोकांच्या मनातली भीती होती, दुसरे काही नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस. भीती आणि तरतूद यांतला फरक मला शिकवावा लागत नाही. म्हणून हे लिहितो आहे. ती कोठी शोभेची वस्तू नव्हती आणि ते दिवस साधेबिधेही नव्हते. कोठी ही घराची राखीव रोकड होती. आपण ती भंगारात घातली आणि फोटो मात्र जपून ठेवला.

आता २०२४ चा ऑगस्ट आठवा. फार जुनी गोष्ट नाही. जन्माष्टमीला, म्हणजे २६ तारखेला, पाऊस लागला तो लागलाच. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट धरतात. ती ओलांडून नदी दोन दिवसांत ३५ फुटांच्याही वर गेली. सयाजीगंज, फत्तेगंज, समा, अकोटा, कारेलीबाग, जिकडे तिकडे पाणी. सोसायट्यांत मगरी निघाल्या, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. लष्कर आले, एनडीआरएफ आले. वीज कंपनीने अनेक भागांत वीज बंद ठेवली, आणि बरोबरच केले. पाण्यात बुडालेल्या मीटरमधून वीज सोडली असती तर माणसे मेली असती. पण त्याचा अर्थ असा, की ही वीज ‘जाते-येते’ वाली नव्हती. ती दोन दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त, येणारच नव्हती.

आमच्या सोसायटीत तळमजला बुडाला. आम्ही चौथ्या मजल्यावर. पाणी आमच्यापर्यंत यायचा प्रश्न नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी सगळे बाल्कनीत उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते. दुसऱ्या दिवशी एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. लिफ्ट बंद. ठीक आहे, जिने आहेत. पंप बंद, म्हणून वरची टाकी दुपारपर्यंत रिकामी. तळातल्या टाकीत गटाराचे पाणी शिरलेले. फ्रिज बंद. घरघंटी बंद, म्हणजे ज्यांच्याकडे गहू होते त्यांच्याकडेही पीठ नव्हते! इंडक्शन बंद. मिक्सर बंद. मोबाईल झोपले की पैसेही झोपले, कारण घरात रोख पाचशे रुपयेसुद्धा ठेवायची पद्धत आता राहिलेली नाही. आणि ती दहा मिनिटांची ॲप? त्यांची मुले काय पोहत येणार होती?

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त जोडपे राहते. मुलगा कॅनडात, मुलगी बंगळुरूला. घर चकाचक, फ्रिज भलामोठा दोन दारांचा. त्यात काय नव्हते? फ्रोजन पराठे, वाटाणे, पनीर, इडलीचे पीठ, तीन दिवसांच्या भाज्या चिरून डब्यांत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळे पिशव्यांत भरून जिन्यात आणून ठेवले. वास मी सांगत नाही. फ्रिजचा हिशोब अगदी सोपा आहे, प्रत्येकाने पाठ करून ठेवावा: दार उघडले नाही तर फ्रिजमधले अन्न साधारण चार तास सुरक्षित. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. तेही दार न उघडता. आपल्याकडे लाईट गेली की पहिले काम काय, तर दार उघडून बघायचे, खराब तर नाही ना झाले.

त्या घरात कोरडे काय निघाले? बिस्किटांचा एक पुडा, चहा-साखर आणि ओट्स. पाईपचा गॅस चालू होता, पण शिजवायला पाणी नाही. दोघेही सत्तरी उलटलेली, एकाला मधुमेह.

त्यांना खायला मिळाले ते समोरच्या गुजराती घरातून. का मिळाले तेही ऐका, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. जन्माष्टमीच्या आदल्या दिवशी शीतळा सातम. गुजराती घरांत त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी, रांधण छठला, सगळे रांधून ठेवायचे आणि सातमला थंड खायचे. थेपले, पुऱ्या, वडे, सुखडी. समोरच्या बेननी पाच-सहा माणसांच्या हिशोबाने केले होते, आणि पाणी आले तेव्हा डबाभर थेपले आणि सुखडी शिल्लक होतीच. तीच जिन्यातून वर-खाली फिरली. चूल नाही, वीज नाही, तरी घर जेवले पाहिजे, याची वर्षातून एकदा तालीम करणारा समाज आपल्या शेजारी राहतो. आपण बडोद्यात पाच-सहा पिढ्या काढल्या, त्यांच्याकडून गरबा घेतला, फाफडा घेतला. हे मात्र घेतले नाही.

आता नेहमीचे युक्तिवाद एकेक करून बघू.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे.’ असू दे. घरगुती इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवण्यासाठी असतो, तेही काही तास. बॅटरी चार्ज करायला पुन्हा वीजच लागते. वीस-पंचवीस हजार घालून तुम्ही अंधार चार-सहा तास पुढे ढकलला, एवढेच. त्या पैशाच्या दहाव्या हिश्शात दोन माणसांचे आठवडाभराचे कोरडे जेवण घरात येते.

‘सरकार फूड पॅकेट देते.’ देते, आणि देणाऱ्यांना माझा नमस्कार. सुखडीची पाकिटे भरणारे हात मी पाहिले आहेत. पण ती होडी आधी कोणाकडे जायला हवी? ज्याची झोपडी नदीकाठी होती आणि आता नाही, त्याच्याकडे. चौथ्या मजल्यावरून दोरीने पिशवी सोडून पॅकेट मागणारा पेन्शनर हा त्या झोपडीवाल्याच्या पानातले घेतो आहे. हे बोचले तर बोचू दे.

‘मग ही साठेबाजी नाही का?’ हा प्रश्न मला एका शिकल्या-सवरल्या गृहस्थांनी विचारला, म्हणून सविस्तर सांगतो. बाजारात माल भरपूर असताना, हंगामात, आपल्या खाण्यापुरते घेणे म्हणजे बेगमी. टंचाई दिसू लागल्यावर धावत जाऊन शेजाऱ्याच्या वाटचे उचलणे, किंवा भाव चढवून विकायला दाबून ठेवणे, ही साठेबाजी. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि साडेआठला दुकानांसमोर मोटारी लागल्या. त्या मोटारीत कोण होते? बेगमी करणारे नव्हते. ते घरी बसले होते. ज्यांची कपाटे रिकामी होती आणि खिसे भरलेले होते ते होते. पाहता पाहता पीठ, डाळ, तेल संपले, आणि रोज संध्याकाळी मजुरी मिळाल्यावर अर्धा किलो पीठ घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेला. ज्याला परवडते त्याने मे महिन्यात भरून ठेवावे, म्हणजे ऑगस्टात तो रांगेत नसतो.

बँकेचा दाखला दिल्याशिवाय माझे होत नाही, सवय आहे. १९९० च्या आसपास बँकेकडे शंभर रुपयांची ठेव आली की साडेअडतीस रुपये एसएलआरमध्ये आणि पंधरा रुपये सीआरआरमध्ये बाजूला पडत. साडेत्रेपन्न रुपये अडकलेले! आम्ही अधिकारी मंडळी तेव्हा कुरकुर करायचो, की कर्ज द्यायला उरले काय. पुढे हे प्रमाण खूप खाली आणले, ते योग्यच झाले. पण शून्य कोणी केले नाही. राखीव निधी शून्यावर आणून आजची आवक उद्याच्या भरवशावर चालवणारी बँक असेल तर तिच्यात तुम्ही ठेव ठेवाल का? मग घर तसे कसे चालवता?

आणि दुसरे. गोडाऊन तपासणीला जायचो तेव्हा व्यापारी पुढच्या पोत्यांची थप्पी दाखवायचा. आम्ही मागची पोती बघायचो. कारण नवा माल पुढे आणि सडका माल मागे, हा जगभरचा नियम. ज्या घरात ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून आणलेली सुपाची पाकिटे चार वर्षे माळ्यावर पडलेली असतात, त्या घराची बेगमी ही कागदावरची बेगमी आहे. रोजच्या खाण्यात नसलेली वस्तू साठ्यात ठेवायचीच नाही. जे खातो तेच थोडे जास्त आणायचे, आधी आलेले आधी काढायचे, डब्यावर स्केचपेनने तारीख घालायची. इंटरनेटवर परदेशी यादी बघून डबाबंद राजमा मागवणारे एक चिरंजीव मला माहीत आहेत. घरात राजमा कोणालाच आवडत नाही.

आमच्या आईची पद्धत सांगतो, म्हणजे कोठीचा फोटो टाकणाऱ्यांना बरे वाटेल. चैत्र-वैशाखात हाथीखान्यातून गहू यायचे. उन्हात पसरायचे, निवडायचे, मग हाताला दिवेल लावून दाणा दाणा चोळायचा. दिवेल म्हणजे आपले एरंडेल. बडोद्यात जन्मलेल्या माणसाच्या तोंडी दिवेलच येते. फार नाही, दाण्याला तकाकी येईल एवढेच. मग कोठीत. वर्षभर कीड नाही. तूरडाळीलाही तेलाचा हात. तांदळाला बोरिक पावडर लावायचे, ते मात्र मला आजही पटत नाही. वापरायचेच असेल तर तांदूळ चार पाण्यांनी धुवा. ही रीत आपण महाराष्ट्रातून आणली नव्हती. ती इथली, गुजरातची. ती आली कुठून, तर भुकेतून. संवत १९५६ चा छप्पनियो दुकाळ, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. बडोदे राज्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत २४ लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. भूक, कॉलरा, प्लेग, सगळे मिळून. आमच्या आजीच्या पिढीने ती माणसे पाहिली होती. तिच्यासमोर पानात अन्न टाकायची आमची छाती नव्हती. आणि तुम्ही म्हणता साधे दिवस.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. आमच्या सूनबाईंनी तो तोंडावर सांगितला: ‘बाबा, ती बेगमी घरातल्या बायकांच्या कमरेवर उभी होती. पापड, कुरडया, सांडगे, गहू निवडणे, सगळा उन्हाळा त्यात गेला. तुम्ही पुरुष फक्त पोते आणायला जायचात.’ शंभर टक्के खरे. म्हणून मी वर्षाची बेगमी सांगतच नाही. सात दिवसांची सांगतो, आणि ती पुरुषांनी करावी असेही सांगतो. पेन्शनर काकांनो, सकाळचा पेपर नऊला वाचून होतो. त्यानंतर वेळच वेळ आहे.

तर आता कामाचे. साठ्याकडे ‘किती किलो’ असे बघू नका. ‘पाणी आणि आग किती लागते’ असे बघा. वीज नसली की याच दोन गोष्टींची मारामार.

पहिला कप्पा: आगही नको, पाणीही नको. खाकरा, चिवडा, ममरा, शेंगदाणे, गूळ, खजूर, गुळपापडी. गुळपापडी म्हणजे इथल्या सुखडीची बहीणच, कणीक, गूळ आणि तूप. उगीच भांडू नका कोणाची ती. तळलेले आणि शेंगदाणे उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत खवट होतात, म्हणून थोडे ठेवा आणि फिरवत राहा. दोन माणसांना दोन दिवस निघतील एवढे या कप्प्यात हवेच हवे, कारण पहिले दोन दिवस गोंधळाचे असतात.

दुसरा कप्पा: पाणी लागते, आग नको. इथे आपण मराठी माणसे खरी श्रीमंत आहोत आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही. सातूचे पीठ! गूळ-पाण्यात कालवले की जेवण झाले, दाताचा प्रश्न असलेल्यांनाही चालते. पातळ पोहे, त्यात लोणच्याचा खार, तिखट, मीठ, कच्चे तेल. डांगराचे पीठ, मेतकूट. दुधाची पावडर. ओट्सवाल्यांनी ओट्स ठेवावेत, माझे काही म्हणणे नाही, तेही भिजवून खाता येतात. फक्त सातूला गावंढळ म्हणून नाक मुरडू नये.

तिसरा कप्पा: एकदाच आग. तांदूळ, मूगडाळ, रवा, शेवया. कुकरमध्ये खिचडी लावायची, आधी डाळ-तांदूळ तासभर भिजवायचे, शिट्टी झाली की गॅस बंद करून कुकर जाड चादरीत गुंडाळायचा. आपोआप शिजते. पीठ पाच किलो तयार दळून ठेवा, घरघंटीच्या भरवशावर राहू नका. बाजरीचे पीठ मात्र साठवू नका, लवकर कडू होते. पाईपचा गॅस विजेशिवाय येतो हे खरे, पण पुरात तोही बंद करावा लागू शकतो. शक्य असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि त्याची शेगडी ठेवा. काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत. बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवायचा शहाणपणा कोणीही करू नये, त्या धुराने माणसे झोपेतच जातात. आणि खलबत्ता भंगारात देऊ नका.

हिशोब असा: मोठ्या माणसाला दिवसाला धान्य-पीठ-पोहे मिळून ३०० ते ४०० ग्रॅम, डाळ ७० ग्रॅमच्या आसपास. दोन माणसे, सात दिवस, म्हणजे धान्य साधारण पाच किलो, डाळ एक किलो, तेल अर्धा लिटर, गूळ अर्धा किलो. एका खणात मावते. त्यासाठी बाल्कनी अडत नाही. पाणी मात्र जागा खाते: पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला चार लिटर धरा. दोघांना तीन दिवसांचे चोवीस लिटर, म्हणजे वीस लिटरचा एक जार आणि दोन हंडे. पावसाचा जोर दिसला की आधी हंडे भरायचे, व्हिडिओ मग काढायचा. तळमजल्यावाल्यांनी सगळे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, माळ्यावर ठेवावे. पलंगाखाली नको. पुराचे पाणी लागलेले अन्न, पाकीट बंद दिसले तरी, टाकायचेच. तिथे काटकसर नको.

औषधांचे विसरू नका. आमच्या सौ. इन्सुलिन घेतात. चालू कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, मात्र उष्णता नको. नेमके किती दिवस ते डब्यातल्या कागदावर असते आणि तुमच्या डॉक्टरांना विचारता येते. न उघडलेल्या कुपीसाठी मातीच्या कुंड्यात ओली वाळू, त्यात छोटे मडके, वर ओले फडके. दोन दिवसांचा गारवा निघतो. आमच्याकडे निघाला. आणि घरात दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा, हे मी बँकवाला असून सांगतो आहे.

‘असा पूर कितीदा येतो?’ असे म्हणणार असाल तर ३१ जुलै २०१९ आठवा. त्या एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. त्यानंतर पाच वर्षांत २०२४. विश्वामित्री तिथेच आहे, आजवा तिथेच आहे, आणि नदीकाठचे बांधकाम काही कमी झालेले नाही.

येत्या शनिवारी सकाळी नऊला मी हाथीखान्यात जाणार आहे. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची नावे मला इनबॉक्समध्ये कळवा, त्यांची पोती आपण वर चढवून देऊ. जिना चढू शकतील असे तीन-चार तरुण हवे आहेत. दिवेल मी आणतो.